पाणी सुटतं तेव्हा

कोलाडजवळच्या साजे गावात सकाळी आठच्या सुमाराला गेलं, तर चहाच्या टपरीपासून राफ्ट लादलेल्या पिकअपपर्यंत एकच चौकशी चाललेली असते : "आज पाणी कधी सुटणार?" एरवी हा प्रश्न आपण नळाच्या पाण्याबद्दल विचारतो. इथे तो नदीबद्दल विचारतात, आणि त्याला उत्तरही मिळतं. नऊ, साडेनऊ, कधी त्याहून उशीर. तोवर कुंडलिकेच्या पात्रात मोठाले काळे धोंडे उघडे पडलेले असतात आणि त्यांच्यामधून पाण्याची बारीक धार वाट काढत असते. पाणी सुटलं की बघता बघता तेच धोंडे दिसेनासे होतात, आणि बारा-चौदा किलोमीटरचा पट्टा खळाळून वाहू लागतो. मग काठावरच्या राफ्ट पाण्यात उतरतात.

मुंबई आणि पुणे, दोन्हीकडून गाडीने तीन-साडेतीन तासांत गाठता येणारी ही जागा. महाराष्ट्रात राफ्टिंग म्हटलं की आधी कुंडलिकेचंच नाव निघतं. हजारो माणसं इथे येऊन भिजून, ओरडून, फोटो काढून जातात. त्यांत काही वाईट नाही. पण ज्या पाण्यावर आपण दीड-दोन तास घालवतो ते कुठून आलं आणि ते असं का उसळतं, हे समजून घेतलं तर या प्रवासाची गोडी कितीतरी वाढते. पाणी वाचता येतं. आणि ते वाचायला शिकण्यासाठी कुंडलिकेइतकी सोयीची नदी आपल्याकडे क्वचितच असेल.

आधी पाणी कुठून येतं ते पाहू. कुंडलिका ही सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरची नदी. ताम्हिणी घाटाच्या परिसरात ती उगम पावते, भिऱ्याजवळ कोकणात उतरते, कोलाड आणि रोह्यावरून जाते आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. साऱ्या प्रवासाची लांबी शंभर किलोमीटरही नाही. कोकणातल्या बहुतेक नद्यांची हीच कथा आहे : डोंगर समुद्राला इतका जवळ की नदीला ऐसपैस पसरायला जागाच नाही. घाटमाथ्यावरून कोसळायचं, थोडा वेळ दगडधोंड्यांतून धावायचं आणि लगेच खाडी.

या नदीचा वरचा भाग म्हणजे खरीखुरी घळ. पिंपरीहून अंधारबनाच्या जंगलातून भिऱ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर ती दरी दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. त्या थरांच्या काळ्या कातळभिंती इथे अंगावर येतात. पावसाळ्यात त्यांच्यावरून असंख्य धबधबे सुटतात. तिथला उतार राफ्टसाठी नाहीच. दरी पाहावी ती अंधारबनातून, आणि पाण्यावर स्वार व्हावं ते खाली साज्याला. वरच्या कड्यांतून सुटलेल्या शिळा युगानुयुगं गडगडत, घासत, गोल होत खालच्या पात्रात येऊन बसल्या आहेत. साज्याखालचे खळाळ त्यांनीच घडवले आहेत.

पावसाळा संपला की अशा नदीत पाणी ते किती राहणार! दिवाळीनंतर कोकणातल्या कितीतरी नद्यांचे डोह तेवढे उरतात. कुंडलिका मात्र मार्च-एप्रिलमध्येही वाहते, आणि हा तोच काळ जेव्हा उन्हाच्या तडाख्यामुळे भिऱ्याचं नाव वर्तमानपत्रांत झळकत असतं. कारण हे पाणी मुळात तिचं नाहीच. ते मुळशीचं आहे.

मुळशी घाटमाथ्याच्या पूर्वेला. तिथली मुळा नदी पुण्याकडे जाते, मुळा-मुठा होऊन भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे मुळशीत पडलेला पावसाचा थेंब पूर्वेकडे सारं पठार ओलांडून जायचा. टाटांच्या वीज कंपनीने मुळशीला धरण बांधून त्या थेंबाची दिशाच बदलली. धरणातलं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्याला आणलं आणि 1927 मध्ये तिथलं वीजकेंद्र सुरू झालं. त्याआधी खोपोली आणि भिवपुरी ही याच धर्तीची केंद्रं उभी राहिली होती. मुंबईच्या गिरण्या, ट्राम आणि पुढे आगगाड्या या विजेवर धावल्या.

भिऱ्याला पाणी सुमारे पाचशे मीटर उंचीवरून येतं. एक घनमीटर, म्हणजे एक टन पाणी एवढं खाली उतरलं तर त्यातून जास्तीत जास्त 1.36 युनिट वीज मिळू शकते. यंत्रातली तूट वजा जाता थोडी कमीच. एवढ्या उंचीचं पाणी निमुळत्या तोंडातून झोतासारखं बाहेर पडतं, पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतं आणि आपली जवळजवळ सगळी ताकद तिथे देऊन टाकतं. चाकाखाली पडणारं पाणी अगदी शांत असतं. या पाण्याला अभियंते आणि गावकरी दोघंही 'अवजल' म्हणतात. कोयनेचं अवजल चिपळूणला वाशिष्ठीत जातं, तसं भिऱ्याचं अवजल कुंडलिकेत. हे अवजल पुढे रवाळज्याला अडवून महानिर्मितीच्या 80 मेगावॅटच्या भिरा अवजल केंद्रात पुन्हा एकदा वापरलं जातं आणि मग नदीत सोडलं जातं. म्हणजे साज्याला आपल्या राफ्टला उसळवणारं पाणी दोन वीजकेंद्रांत राबून, आपलं सारं बळ खर्चून आलेलं असतं. उरलेल्या थोड्याशा उतारावर त्याची जी काही शक्ती शिल्लक राहते, तेवढीच आपल्याला भेटते. तेवढीही पुरून उरते, यावरून घाट उतरतानाच्या मूळ शक्तीचा अंदाज यावा.

पाणी ठरावीक वेळेला का सुटतं याचंही उत्तर इथेच आहे. कोळशाचं वीजकेंद्र सुरू करायला आणि थांबवायला बराच वेळ लागतो. जलविद्युत केंद्र काही मिनिटांत सुरू होतं. त्यामुळे विजेची मागणी चढली की जलविद्युत वापरायची आणि मागणी उतरली की पाणी राखून ठेवायचं, ही पद्धत पडली. महानगराच्या विजेच्या मागणीचा चढउतार असा शंभरेक किलोमीटरवरच्या नदीत उमटतो. सुट्टीच्या दिवशी, सणाला किंवा यंत्रदुरुस्तीच्या काळात पाण्याचं गणित बदलतं, आणि साज्याला मंडळी काठावर ताटकळत बसतात.

या पाण्याला आणखीही एक इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. मुळशी धरणाखाली आंबेमोहोर पिकवणारी भाताची खाचरं गेली, गावं गेली, देवळं गेली. जमिनी जाणार हे कळल्यावर मावळे शेतकरी उभे ठाकले आणि 1921 च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यातून. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास सोसला. बायकामुलांसह लोक खोदकामाच्या जागी आडवे झाले. धरणग्रस्तांच्या संघटित लढ्यांमध्ये हा जगातल्या सर्वांत आधीच्या लढ्यांपैकी एक मानला जातो. लढा हरला, धरण झालं. आपण कुंडलिकेवर वल्हं मारतो तेव्हा त्या बुडालेल्या खाचरांवर साठलेलं पाणीच आपल्या हाताला लागत असतं. मला वाटतं, राफ्टमध्ये बसण्यापूर्वी पर्यटकांना सुरक्षिततेच्या सूचना देतात तेव्हाच ही गोष्टही दोन वाक्यांत सांगितली पाहिजे.

आता पाण्याकडे वळू. पाणी सुटण्याआधीचा अर्धा तास फार मोलाचा असतो, आणि बहुतेक लोक तो कपडे बदलण्यात आणि पोहे खाण्यात घालवतात. त्या वेळी पात्रात उतरावं (बरोबर गाईड हवाच, आणि त्याने हाक मारली की तत्काळ वर यायचं). गोल धोंड्यांवर हाताएवढ्या उंचीपर्यंत शेवाळाचा हिरवट पट्टा असतो आणि त्याच्या वर दगड कोरडा, करडा असतो. हा पट्टा म्हणजे रोजच्या पाण्याची पातळी. कोणता धोंडा पूर्ण बुडणार, कोणाचा माथा उघडा राहणार, हे तिथेच कळतं. साज्याचाच एक तरुण गाईड आपल्या गटातल्या एका वयस्कर गृहस्थांना वल्ह्याने एकेक दगड दाखवत होता. "काका, हा चपटा धोंडा नीट बघून ठेवा. तासाभराने हा दिसणार नाही. पण याच्यावरूनच पाणी खाली पडेल आणि पलीकडे खड्डा होईल. आपण याच्या डाव्या अंगाने जाणार." गंगेवर किंवा हिमालयातल्या दुसऱ्या कुठल्या नदीवर हा धडा मिळायचा नाही, तिथे तळ कधी दिसतच नाही. इथे रोज सकाळी नदी आपला तळ उघडा करून दाखवते आणि मग झाकते.

खळाळ होतो तो तीन गोष्टींमुळे : उतार, अडथळा आणि पाण्याचं प्रमाण. पात्र अरुंद झालं की त्यात चौथी भर पडते. यांतला उतार आणि धोंडे कायम असतात. पाणी वाढलं-घटलं की खळाळाचा स्वभाव बदलतो. कमी पाण्यात जो दगड आडवा येतो, तोच मध्यम पाण्यात खड्डा पाडतो आणि भरपूर पाण्यात नुसती एक लाट उठवतो.

वरून येताना सर्वांत आधी शोधायची ती 'जीभ'. दोन धोंड्यांमधून पाणी जोरात निसटतं तिथे फेस नसतो. गुळगुळीत, काळसर, चकचकीत असा त्रिकोण दिसतो आणि त्याचं टोक प्रवाहाच्या दिशेला असतं. पाणी तिथे खोल आहे, मोकळं आहे. राफ्टची वाट तीच. याच्या उलट, टोक आपल्याकडे वळलेला त्रिकोण दिसला तर त्या टोकाशी पाण्याखाली दगड दडलेला आहे असं खुशाल समजावं. एवढं ओळखता आलं तरी निम्मी नदी वाचता आली.

जीभ संपते तिथे लाटांची रांग लागते. समुद्रात लाट पुढे सरकते आणि पाणी जागच्या जागी वरखाली होतं. नदीत याच्या उलट. लाट एका जागी उभी असते आणि पाणी तिच्यामधून धावत जातं. वेगाने आलेलं पाणी खालच्या संथ पाण्याला भिडलं की आपली जास्तीची शक्ती असं उसळून खर्च करतं. अशा लाटा दिसायला भीतिदायक, पण सरळ नाक करून गेलं तर सर्वांत आनंदाच्या. 'राजधानी एक्स्प्रेस' असं नाव मिरवणारा कुंडलिकेवरचा खळाळ अशाच धावत्या लाटांसाठी लोकांच्या लक्षात राहतो.

भीती बाळगावी ती खड्ड्याची. पाणी बुडालेल्या धोंड्यावरून खाली पडतं, वेगाने तळाशी जातं, आणि पृष्ठभागावरचं पाणी ती पोकळी भरायला मागे फिरतं. म्हणजे तळाचं पाणी पुढे आणि वरचं पाणी मागे, अशी एक आडवी चक्री तयार होते. जे तरंगतं ते त्यात अडकतं. शिवाय फेसात हवा पुष्कळ असते, त्यामुळे तिथे माणूसही नेहमीइतका तरंगत नाही आणि वल्ह्यालाही पकड मिळत नाही. धोंडा एकटा असेल तर चक्रीच्या दोन्ही टोकांना सुटायला वाट असते. पण नदीच्या आरपार घातलेला बंधारा असेल, तर चक्री काठापासून काठापर्यंत पसरते आणि कुठूनच सुटका नसते. चार-पाच फुटांचा साधासा, वरून गुळगुळीत दिसणारा बंधारा भल्या मोठ्या धबधब्याइतका जीवघेणा ठरतो तो यामुळे. गावाकडे बंधाऱ्याखाली पोहायला जाणाऱ्या पोरांच्या बाबतीत दर पावसाळ्यात याच्या बातम्या येतात. राफ्टिंग करा न करा, हे एवढं प्रत्येकाने घरातल्या मुलांना सांगून ठेवावं.

आणि या सगळ्या धावपळीत विसाव्याची जागाही नदीनेच ठेवलेली असते. उघड्या धोंड्याच्या मागे पाणी उलट फिरतं, जवळजवळ थांबतं. गाईड त्याला 'एडी' म्हणतात. तिथे राफ्ट वळवून थांबता येतं, पुढचा खळाळ पाहता येतो, मागच्या राफ्टची वाट पाहता येते. प्रवाह आणि एडी यांच्यामध्ये पाण्यावर एक सुरकुतलेली रेघ दिसते. रेघेच्या अलीकडे पाणी खाली जात असतं, पलीकडे वर येत असतं. ती ओलांडताना होडीला गर्रकन फिरवतात ते हेच दोन प्रवाह. नवशिका कयाकवाला पहिल्यांदा उलटतो तो बहुधा मोठ्या लाटेत नाही, या रेघेवर.

राफ्ट ही दिसायला फुगवलेली गादी, पण तिची रचना विचारपूर्वक केलेली असते. जाड रबरी कापडाचे हवेचे कप्पे वेगवेगळे असतात. एक फाटला तरी बाकीचे तरंगते ठेवतात. तळही फुगवलेला असतो आणि त्याच्या कडेने भोकं असतात. आतला तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच राहत असल्यामुळे लाटेने आत आलेलं पाणी त्या भोकांतून आपोआप निघून जातं. पूर्वीच्या राफ्टमध्ये हे पाणी बादलीने उपसावं लागायचं, आणि पाण्याने भरलेली राफ्ट वळता वळत नसे.

बसायचं ते राफ्टच्या कडेवर. "मावशी, मध्ये नाही, इकडे काठावर या. पाय या कप्प्यात घट्ट सरकवा," हे वाक्य काठावर सारखं ऐकू येतं, कारण प्रत्येकाला आतमध्ये बसणं सुरक्षित वाटतं. पण आत बसलेल्याचं वल्हं पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते; तिच्यावर हात कायम झाकलेला हवा. हात सुटला की ती मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते, आणि राफ्टमधल्या बहुतेक किरकोळ जखमा अशाच होतात.

मग गाईडच्या आज्ञा : फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, गेट डाउन. मोठा खळाळ आला की हौशी माणूस वल्हवायचं थांबतो आणि दोरी पकडून बसतो. नेमकं तेव्हाच वल्हवायला हवं. राफ्ट पाण्याच्याच वेगाने वाहत असेल तर ती वळवता येत नाही. पाण्यापेक्षा ती थोडी वेगाने तरी जायला हवी किंवा थोडी सावकाश तरी. त्यामुळे गाईड ओरडून ओरडून "फॉरवर्ड, फॉरवर्ड!" म्हणत असतो ते उत्साह वाढवण्यासाठी नव्हे, त्याच्या हातात सुकाणू राहावं म्हणून. शिवाय पाण्यात खुपसलेलं वल्हं बसणाऱ्यालाही आधार देतं. राफ्ट धोंड्यावर आडवी जाऊन बसली तर 'हाय साइड' ही हाक येते, आणि तेव्हा सगळ्यांनी धोंड्याच्याच बाजूला झेपावायचं असतं. मन उलट दिशेला ओढत असतं. पण धोंड्यापासून दूर सरकलं की वरच्या अंगाची कड दबते, पाणी तिच्यावर चढतं आणि राफ्ट उलटते.

प्रत्येक गटाबरोबर पुढेमागे एक-दोन कयाक असतात. राफ्टमधली माणसं त्यांच्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहतात. खरं म्हणजे पाण्यात पडलेल्या माणसापर्यंत सर्वांत आधी तेच पोहोचतात. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात शिकार करणाऱ्या इन्युइट लोकांची होडी. लाकूड किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून केलेली. त्या गोठवणाऱ्या पाण्यात होडीबाहेर पडणं म्हणजे मरण, म्हणून उलटलेल्या होडीत बसल्या बसल्या पुन्हा सरळ होण्याची युक्ती त्यांनी शोधून काढली. आज नदीवरच्या कयाक प्लास्टिकच्या असतात, पण ती युक्ती तीच आहे.

तिला 'रोल' म्हणतात. माणूस होडीत कमरेपर्यंत असतो, कमरेभोवती रबरी घागरा आणि तो होडीच्या तोंडाला घट्ट बसवलेला. उलटल्यावर डोकं पाण्याखाली, नाकात पाणी, आजूबाजूला नुसता खळखळाट. अशा वेळी वल्हं पृष्ठभागावर आणायचं, त्याला पाण्यावर दाबून क्षणभराचा आधार घ्यायचा आणि कमरेला हिसका देऊन होडी आपल्याखाली फिरवायची. डोकं सर्वांत शेवटी वर यायला हवं. इथेच सगळे चुकतात : श्वासासाठी डोकं आधी वर काढतात, त्या वजनाने होडी पुन्हा उलटते. रोल शिकणं म्हणजे हवेची घाई आवरायला शिकणं. जलतरण तलावात तो जमला तरी खळाळात जमेलच असं नाही, म्हणून त्याआधी घागऱ्याच्या पुढची पट्टी ओढून होडीतून बाहेर पडण्याचा सराव करून घेतात.

राफ्टमध्ये आठजणांच्या ताकदीवर नदीशी थोडी जबरदस्ती करता येते. कयाकमध्ये ते शक्य नाही. तिथे पाण्याला विचारूनच जावं लागतं. प्रवाहाशी थोडा कोन करून वल्हवलं तर प्रवाहच होडीला आडवी पलीकडे नेतो. एडीत शिरताना वळणाच्या आतल्या बाजूला झुकलं तर पाणी स्वतः होडी वळवून देतं. माणूस पाण्याच्या जवळजवळ पातळीवर बसलेला असल्यामुळे त्याला नदी राफ्टपेक्षा फार वेगळी दिसते. पुढे पाण्याची रेघ अचानक संपलेली दिसली, की तिथे उतार आहे. किती, ते अजून कळायचं असतं. म्हणून जाणता कयाकवाला एका एडीतून दुसऱ्या एडीत, थांबत थांबत जातो. कुंडलिकेवर कयाक शिकवतात तेव्हा याच टप्प्यांवर भर देतात, आणि ज्याला वेळ असेल त्याने राफ्टमधून एकदा उतरून झाल्यावर दुसऱ्या खेपेला कयाककडे वळावं असं मी आग्रहाने सांगेन.

खळाळांना जगभर 1 ते 6 अशी श्रेणी लावतात. 1 म्हणजे हलकी हालचाल, 6 म्हणजे बहुतेकांसाठी अशक्य. कुंडलिका 2 ते 3 मध्ये मोडते. पावसाळ्यात अवजलात पावसाचं पाणी मिसळलं की चढते. पण श्रेणी खळाळाची असते, चुकीची नसते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर अंगावर येणारा जोर चौपट होतो, आणि 2 श्रेणीच्या पाण्यातही माणूस पाय अडकून बुडू शकतो. म्हणून पाण्यात पडल्यावर उभं राहण्याचा प्रयत्न कधीच करायचा नाही. दोन धोंड्यांच्या फटीत पाऊल अडकलं आणि प्रवाहाने शरीर पुढे ढकललं, की गुडघाभर पाणीही पुरतं. पाठीवर तरंगायचं, पाय पुढे आणि बोटं पाण्याबाहेर, नितंब वर. समोर पडलेलं झाड किंवा फांद्यांचं जाळं दिसलं तर मात्र हा नियम मोडून पोटावर वळायचं आणि जीव तोडून बाजूला पोहायचं, कारण फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

जाकीट नुसतं अंगात घालून भागत नाही. गाईडने खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढून पाहायला हवं. जाकीट कानापर्यंत आलं तर पट्टे आवळायचे. जो गाईड हे करत नाही, त्याच्याबरोबर नदीत उतरू नये. आदल्या रात्रीची दारू उतरली नसेल तरीही उतरू नये. 2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यात अशा व्यवसायांची नोंदणी, प्रशिक्षित माणसं आणि साधनं यांचे नियम घातले. नोंदणी विचारणं हा आपला हक्क आहे, भीड वाटण्यासारखं त्यात काही नाही.

कुंडलिकेची चव लागली की पुढच्या नद्या खुणावतात. गोव्यात सत्तरी तालुक्यात म्हादईवर राफ्टिंग होतं, पण ते फक्त पावसाळ्यात. तिथे वर वीजकेंद्र नाही, जे आहे ते आभाळाचं. दांडेलीची काळी नदी कुंडलिकेसारखीच धरणाच्या पाण्यावर चालते. ऋषिकेशच्या वरची गंगा पावसाळ्यात बंद असते आणि पाणी उतरल्यावर सुरू होते. तिचं पाणी थंड, पात्र मोठं, आणि खळाळांचा आवाज वेगळा. कुंडलिकेवर पहिल्यांदा आलेले अनेक गाईड तिथे आणि नेपाळच्या नद्यांवर तयार झालेले होते. त्यांच्या हाताखाली साजे आणि आसपासच्या गावांतली पोरं शिकली, आणि आज ती स्वतः राफ्ट चालवतात.

राफ्ट ज्या ठिकाणी बाहेर काढतात त्याच्या पुढे नदी संथ होते. खाली डोलवहाळचा बंधारा आहे. तिथून कालवे निघतात आणि उन्हाळी भातशेतीला पाणी जातं. त्यापुढे रोहा, धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत, आणि तिथून पुढची कुंडलिका महाराष्ट्रातल्या प्रदूषित नद्यांच्या यादीत येते. काही किलोमीटर वर जिच्या पाण्यात आपण तोंड उघडं टाकून ओरडलो, त्याच नदीची ही अवस्था पाहून जीव तुटतो. खाडीतल्या मासेमारीवर पोट असलेल्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत.

दुसरीकडे घाटमाथ्यावरून मागणी येत राहते की टाटांच्या धरणांचं पाणी विजेसाठी कोकणात सोडण्याऐवजी पुन्हा पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यातल्या दुष्काळी भागाकडे वळवावं. ज्यांच्या गावात फेब्रुवारीतच टँकर सुरू होतो, त्यांचा हा दावा राफ्टिंगपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तो तसाच मानला पाहिजे. पण अवजलावर आता कालव्याखालची शेतीही आहे, रोह्याचं पिण्याचं पाणीही आहे, आणि साज्याच्या पोरांचा रोजगारही आहे. पाणी पूर्वेला वळवण्याचा निर्णय कधी झालाच, तर या तिघांनाही त्या चर्चेत बसायला जागा मिळायला हवी. 1921 मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांना ती मिळाली नव्हती.